बुडवलेली जहाजे आणि लोकस्मृती



बंदराचे रक्षण जहाजे करतात, हे आपण शाळेत शिकतो. पण जहाजे बुडवूनही बंदर राखता येते. डेन्मार्कमधील रोस्किल्डे हे एका लांब खाडीच्या टोकाशी वसलेले जुने नगर. इ. स. १०७० च्या सुमारास, नगराच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर, स्कुल्डेलेव्ह गावाजवळच्या जलमार्गात जुनी जहाजे दगडांनी भरून बुडवण्यात आली. समुद्रातून येणाऱ्या शत्रूची वाट अडली.

तिथल्या मच्छीमारांना पाण्याखालचा हा बांध पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. राणी मार्गारेटने, म्हणजे १४०० च्या सुमारास, तिथे जहाज बुडवले, असे ते सांगत. १९५७ पासून पाणबुड्यांनी पाहणी केली. १९६२ मध्ये ओलाफ ओल्सेन आणि ओले क्रुम्लिन-पेडरसेन यांनी त्या जागेभोवती पोलादी भिंत उभारली, आतले पाणी उपसले आणि चार महिन्यांत लाकडाचे हजारो तुकडे बाहेर काढले.

आधी वाटले, जहाजे सहा आहेत. पुढे कळले, दुसरे आणि चौथे हे एकाच सुमारे ३० मीटर लांबीच्या युद्धनौकेचे भाग आहेत. म्हणून जहाजे पाच, पण क्रमांक सहापर्यंत! लाकडातील वलये मोजल्यावर ही युद्धनौका १०४२ मध्ये आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या परिसरात बांधल्याचे उघड झाले. बाकीच्यांत नॉर्वेचे मालवाहू गलबत होते, मासेमारीची होडी होती आणि ठिगळे लावून वापरलेली एक छोटी युद्धनौकाही होती.

मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. लोककथेतली राणी चुकीची निघाली, काळही तीनशे वर्षांनी चुकला. पण जहाज मुद्दाम बुडवले, वाट अडवायला बुडवले, ही मूळ गोष्ट खरी निघाली. लोकस्मृती तारखा विसरते, कृती विसरत नाही. संशोधकाने ती जशीच्या तशी स्वीकारू नये आणि दंतकथा म्हणून टाकूनही देऊ नये, तपासावी.

आपल्या गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था बुडालेल्या जहाजांचा अभ्यास करते. ते काम शास्त्रज्ञांचे. पण खारवी आणि रापणकार यांच्या तोंडी असलेली खडकांची नावे, त्यांमागच्या गोष्टी टिपणे हे भाषेच्या माणसांचे काम आहे. विद्यार्थ्यांनी ऐकलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहावी, जागा आणि तारीख नोंदवावी, तिच्यावर साहित्यिक हात फिरवू नये. सांगणारी पिढी उतारवयात आहे. तिच्या आठवणी गेल्या, तर कुठे शोधायचे हे पाणबुड्याला कोण सांगणार?