एमिल झोला : अश्लील कोण?



१८८० साली झोलाच्या ‘नाना’ला अश्लील ठरविणारे पॅरिसचे प्रतिष्ठित लोक होते, त्या कादंबरीतील गणिकेच्या दारी ताटकळणारेही त्याच वर्गातले. घाण त्यांना सहन होत होती, ती दाखविणारा सहन होत नव्हता.

१८८४ साली झोला आंझँच्या कोळसाखाणीत स्वतः उतरला, संपकऱ्यांत वावरला. त्यातून १८८५ मध्ये ‘जर्मिनाल’ सिद्ध झाली. १८९८ साली हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा भोगणाऱ्या ज्यू कॅप्टन ड्रेफसची बाजू घेऊन त्याने लष्करश्रेष्ठींना जाहीर जाब विचारला. त्यापायी एक वर्षाची कैद ठोठावली गेली, इंग्लंडात परागंदा व्हावे लागले.

१९०२ साली त्याच्या अंत्ययात्रेत खाणकामगार ‘जर्मिनाल! जर्मिनाल!’ असा घोष करीत चालले. आपला साक्षीदार त्यांनी अचूक ओळखला होता.