हेडसेटमध्ये धूसर का दिसतं?

(उत्सवाच्या तयारीसाठी झालेल्या सभेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



यंदा मंडपाशेजारच्या खोलीत व्हीआर हेडसेट लावून ज्येष्ठांना अष्टविनायकाचा परिसर दाखवायचा, असं युवा शाखेनं ठरवलं आहे. लेण्याद्रीच्या जवळपास तीनशे पायऱ्या आता ज्यांच्या गुडघ्यांना झेपत नाहीत, ज्यांचं इंदूरहून जुन्नरपर्यंत जाणंच होत नाही, त्यांच्यासाठी. कल्पना उत्तम आहे. मी काही कॉम्प्युटरचा जाणकार नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य शासनात सब-इंजिनिअर म्हणून नोकरी करतो. पण आमच्या घरात दोन वर्षांपासून हेडसेट आहे आणि पाहुण्यारावळ्यांपैकी बहुतेकांच्या डोक्यावर तो चढून उतरलेला आहे. त्यात एक गोष्ट वारंवार पाहिली, ती सांगतो.

ज्येष्ठ माणूस हेडसेट लावतो, दोन मिनिटं मान इकडेतिकडे करतो आणि "छान आहे हो" म्हणून काढून ठेवतो. मग स्वयंपाकघरात जाऊन हळूच सांगतो, "मला तर सगळं पुसट दिसलं." पोरांचा हिरमोड नको म्हणून समोर बोलत नाही. काहींना तर वाटतं, आपलेच डोळे गेले, आता सांगायचं कशाला! इकडे पोरं तेच चित्र मोबाईलवर किंवा टीव्हीवर बघत असतात आणि तिथं ते लखलखीत दिसत असतं. धूसरपणा टीव्हीवर येत नाही, तो फक्त लावणाऱ्यालाच दिसतो. म्हणून "दिसतंय ना?" हा प्रश्नच उपयोगाचा नाही. त्याला सगळे "हो" म्हणतात.

साइटवर आम्ही लेव्हल मशीन लावतो. एकानं बघून झालं आणि दुसरा बघायला आला की तो पहिल्यांदा आयपीस फिरवून क्रॉसहेअर आपल्या डोळ्याला स्पष्ट करून घेतो, मग समोरच्या स्टाफवर फोकस करतो. मशीन तेच, पण डोळा बदलला. यात कोणाला कमीपणा वाटत नाही. हेडसेटचंही तसंच आहे. आपल्या मुलाला बरोबर बसलेला हेडसेट आजोबांच्या डोक्यावर तसाच चढवला, तर तो धूसरच दिसणार.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो बसवण्यात. या भिंगांचा मधला भाग स्वच्छ दिसतो आणि कडेला चित्र फिसकटतं, जुन्या पद्धतीच्या वलयांच्या भिंगांत तर फारच. हेडसेट चार-पाच मिलिमीटर खाली घसरला तरी बुबुळ त्या मधल्या भागातून सुटतं. म्हणून मागचा पट्टा डोक्याच्या मागे जो उंचवटा असतो त्याच्या खाली, मानेच्या वर बसला पाहिजे. बायकांचा अंबाडा किंवा गजरा असला तर पट्टा त्याच्या खालून घ्यावा, वरून घेतला की पुढचं वजन नाकावर येतं. मग पट्टे आवळण्याआधी लावणाऱ्यानं स्वतःच दोन्ही हातांनी हेडसेट धरून अगदी सावकाश वर-खाली आणि थोडा तिरका करून बघायचा. एका जागी अक्षरं एकदम उघडतात. तिथंच धरून ठेवायचा आणि दुसऱ्यानं पट्टा आवळायचा. आधी आवळून मग ओढाताण करू नये.

दुसरी गोष्ट दोन बुबुळांमधल्या अंतराची. मोठ्या माणसांत हे सरासरी 63 मिलिमीटरच्या आसपास असतं, पण माणसागणिक पाच-सहा मिलिमीटरचा फरक सहज पडतो. क्वेस्ट 2 मध्ये भिंगं हातानं सरकवून 58, 63 आणि 68 अशा तीन जागी बसतात. क्वेस्ट 3 ला खाली चाक आहे, ते फिरवून अंतर हवं तसं जुळवता येतं. चष्मेवाला चष्मा करताना हे माप घेतोच, कार्डावर पीडी म्हणून लिहिलेलं असतं. नसेल तर समोरच्याला दूर बघायला सांगून डोळ्यांखाली फूटपट्टी धरायची आणि एका बुबुळाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजायचं. हे चुकलं तर नुसतं धूसर दिसत नाही, डोकंही दुखायला लागतं.

आता चष्मा. यात मोठ्यामोठ्यांचा गैरसमज असतो. पडदा डोळ्यापासून बोटभर अंतरावर, मग जवळचा चष्मा लावावा असं वाटतं. पण मधली भिंगं ते चित्र डोळ्याला बहुतेक हेडसेटमध्ये सव्वा ते दोन मीटरवर असल्यासारखं दाखवतात. म्हणजे पेपर वाचायची चाळिशी इथं काढून ठेवायची. ती लावली की उलट धूसर होतं. ज्यांना लांबचं दिसत नाही त्यांनी मात्र आपला लांबचा चष्मा लावूनच बघायचं. दोन भिंगांचा चष्मा असेल तर वरच्या भागातून बघायचं, म्हणजे खाली पाहायचं असेल तेव्हा डोळे नाही, मान वाकवायची. हेडसेटबरोबर चष्म्यासाठी जी चौकट मिळते ती आत बसवायला विसरू नका. नाहीतर चष्म्याची काच भिंगावर घासते आणि तो ओरखडा पुढच्या प्रत्येकाला कायमचा धूसर दिसतो.

भाद्रपदातली दमट हवा आहे, तेव्हा गार हेडसेट गरम चेहऱ्यावर लावला की भिंगावर वाफ धरते. पाच-सात मिनिटं आधी चालू करून ठेवला की पुरतं. पुसायला चष्म्याचं कोरडं मऊ फडकं घ्यावं. सॅनिटायझर किंवा स्पिरिट भिंगाला लावू नये, ते फक्त चेहऱ्याला टेकणाऱ्या गादीसाठी, तेही त्या गादीला चालत असेल तर. आणि उन्हात भिंगं वर करून हेडसेट कधीच ठेवू नका. लहानपणी आपण भिंगानं कागद जाळायचो ना, तसाच आतला पडदा जळतो, त्यावर उपाय नाही.

एवढं सगळं करूनही चित्र धूसर असेल तर दोष व्हिडिओचा. याचा हिशेब सोपा आहे. चांगली दृष्टी असलेला डोळा एका अंशात साधारण 60 ठिपके वेगळे ओळखतो. क्वेस्ट 2 चा पडदा अंशाला 20 च्या आसपास ठिपके दाखवतो, क्वेस्ट 3 चा 25 च्या आसपास. म्हणजे घरच्या टीव्हीइतकं रेखीव तिथं दिसणारच नाही, हे आधीच सांगून ठेवावं. त्यातून व्हिडिओवर "4के" लिहिलेलं बघून आपण खूश होतो. पण 3840 ठिपके पूर्ण 360 अंशांत वाटले की अंशाला जेमतेम 10-11 येतात. टीव्हीवर जे 4के डोळ्यात भरतं, ते इथं गोल पसरून विरळ होतं. म्हणून शक्यतो 8के चा व्हिडिओ निवडा. आणि तो आधीच डाउनलोड करून ठेवा. मंडपात शंभर मोबाईल एकाच वेळी चालू असताना नेटवर चालवला तर तो आपोआप हलक्या दर्जाचा होतो आणि आपण मात्र भिंगं पुसत बसतो.

आता माझी युवा शाखेला एक विनंती. दर्शन सुरू करण्याआधी एक साधं चित्र लावा, डोळ्यांच्या दवाखान्यात असतं तसं, देवनागरीत, वरच्या ओळीत मोठी अक्षरं आणि खाली बारीक होत गेलेली. आजी-आजोबांना विचारा, "तिसऱ्या ओळीत काय लिहिलंय, वाचा बरं." ते वाचतील तेव्हा बसवणं जमलं. नाही वाचलं तर एकेक डोळा मिटून वाचायला सांगा. आमच्या ओळखीच्या एका काकांना डाव्या डोळ्यानं वरची ओळसुद्धा येईना. हेडसेट काढून भिंतीवरचं कॅलेंडर बघायला सांगितलं, तेही त्या डोळ्यानं येईना. घरच्यांना पत्ता नव्हता, उजव्यावर सगळं चाललं होतं. मोतीबिंदू निघाला, शस्त्रक्रिया झाली. असं कोणी आढळलं तर तिथं गर्दीत बोलू नका, नंतर घरच्यांना बाजूला घेऊन सांगा.

एका माणसाला बसवायला, वाचून घ्यायला आणि पुसायला मिळून सहा-सात मिनिटं धरा. तासाला आठच्या वर माणसं होणार नाहीत. रांग लांबली तरी चालेल, नावं आधी लिहून घ्या आणि वेळ द्या. उभं राहून कोणालाही बघू देऊ नका, तोल जातो. हातांची फिरती खुर्ची हवी. मंडळाच्या ऑफिसात तशी एक आहे, दुसरी मी घरून आणतो. तिसरी कोणाकडे असेल तर सभा संपल्यावर नाव द्या.