शिक्षकाचे शिक्षण

शिक्षक एकदा परीक्षा उतरून वर्गात उभा राहिला म्हणजे जन्मभर पुरला, ही समजूत आपल्या समाजात फार जुनी आहे. नागपुरातील सुशिक्षित घरांतूनही शाळेची चौकशी करताना इमारत विचारली जाते, निकाल विचारला जातो. तेथील मास्तर अलीकडे नवे काय शिकले, हे सहसा कोणी विचारीत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी निदान 50 तास आपल्या व्यवसायाचे शिक्षण घ्यावे, अशी अपेक्षा ठेवली आहे. तास ठरविणे सोपे. त्या तासांत काय घडावे, हा खरा प्रश्न होय.

समजा, पूर्व नागपुरातील एका शाळेत चौथीच्या वर्गात एक मुलगा आहे. घरी छत्तीसगढी, वर्गात मराठी. त्यास वाचता येत नाही. वाचनाची पाळी आली की तो शेजाऱ्यास चिमटा काढतो. वर्ग हसतो, गुरुजी रागावतात, आणि वाचन टळते. मधल्या सुटीत त्याला कोणी खेळात घेत नाही. आता याचे दुखणे अभ्यासाचे म्हणावे, वर्तणुकीचे म्हणावे, की सोबतीचे? प्रशिक्षणवर्गात या तीन गोष्टींवर तीन निराळी व्याख्याने होतात. मुलगा मात्र एकच असतो. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने छडी बंद केली, ते योग्यच झाले. 24 व्या कलमाने प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून त्यास जरूर ते जादा शिकविण्याचे कर्तव्यही शिक्षकावर टाकले. पण छडी गेल्यावर रिकाम्या झालेल्या हाती काय दिले?

या बाबतीत ताराबाई मोडक यांचे काम पाहण्यासारखे आहे. विवाहानंतर काही काळ अमरावतीस राहिलेल्या ताराबाईंचे नाव वऱ्हाडास परके नाही. पुढे भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या सहवासात त्या बालशिक्षणाकडे वळल्या. 1945 मध्ये त्यांनी बोर्डी या किनाऱ्यावरील गावी काम मांडले, आणि पुण्यास बरीच वर्षे शिकवून आलेल्या अनुताई वाघ तेथे पुन्हा नव्याने शिकू लागल्या. बालवाडी उघडली, परंतु दलित वस्तीतील मुले येईनात. तेव्हा ताराबाईंनी शाळाच उचलून त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ ती हीच. मुलांना नहाऊ घालणे, केस विंचरणे हेही शिक्षिकेच्या कामातच मोडे. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुले गुरे राखावयास जात, म्हणून शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा भरली. मूल का येत नाही, हा प्रश्न तेथे हजेरीपटास न विचारता घरास विचारला जाई.

नागपुरास कुरण नाही. परंतु केंद्रातील शिक्षकांच्या शिक्षण परिषदा होतात. तेथे परिपत्रकांखेरीज एका मुलाची हकीकत, नाव न घेता, मांडता येईल. दुसऱ्या शिक्षकाने दोन आठवडे अधूनमधून वर्गात मागे बसून चिमटा नेमका केव्हा निघतो, याची टिपणे करावी. वाचनाच्या वेळीच निघतो असे दिसले, तर त्या मुलास आधी चौघांत, त्याच्या घरच्या शब्दांपासून वाचावयास द्यावे. वह्या वाटण्याचे काम सोपवावे. खेळात जोडीदार नेमून द्यावा. काय झाले, ते पुढल्या परिषदेत सांगावे. न जमल्यास तेही सांगावे. असे शिक्षण व्याख्यानाहून स्वस्त पडते. त्यास वेळ मात्र लागतो, आणि जनगणना व निवडणुका यांतून उरेल तोच वेळ शिक्षकाच्या वाट्यास येतो.

यात पालकांचाही भाग आहे. वाचनाची व्यवस्था शाळा करील. पण “त्याच्याबरोबर खेळू नकोस” हे वाक्य बहुधा घरीच उच्चारले जाते, आणि दुसऱ्या दिवशी ते मधल्या सुटीत पोहोचते. पालकसभेस जाणाऱ्यांनी आपल्या मुलाच्या गुणांबरोबर, सुटीत तो कोणास खेळात घेत नाही, हेही वर्गशिक्षकांस एकदा विचारून पाहावे.