जन्मतारखेचा रकाना



खटल्याचा निकाल केवळ साक्षीपुराव्याच्या वजनावर ठरतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा एखादी मुदत, एखादी तारीख निकालाचे पारडे फिरविते. लोक तिला ‘तांत्रिक मुद्दा’ म्हणतात आणि त्या शब्दांत बहुधा नाराजी असते. शाळेच्या हीरक महोत्सवात अशाच एका मुद्द्याचा विचार उचित ठरेल. कारण त्याचे मूळ शाळेच्या जनरल रजिस्टरात, जन्मतारखेच्या रकान्यात आहे.

१६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत मुनिरका येथील थांब्यावर एक तरुणी व तिचा मित्र खासगी बसमध्ये चढले. पुढे घडलेले क्रौर्य साऱ्या देशाला ठाऊक आहे. सहा आरोपींपैकी एकाचे वय त्या दिवशी सुमारे साडेसतरा वर्षे होते. त्याला आधार होता शाळेतील नोंदीचा. मुख्याध्यापकांनी तशी साक्ष दिली. हाडांची चाचणी करावी, ही मागणी बाल न्याय मंडळाने अमान्य केली. कारण शाळेचा पुरावा असताना वैद्यकीय अंदाजाकडे वळू नये, असा नियमच होता. चौघांना २० मार्च २०२० रोजी फाशी झाली. या एकाला मात्र तेव्हाच्या कायद्यातील कमाल मुदत, म्हणजे सुधारगृहातील तीन वर्षे.

लोकक्षोभानंतर २०१५ चा नवा बाल न्याय अधिनियम आला. १६ ते १८ वयोगटातील मुलाने घृणास्पद गुन्हा केल्यास प्राथमिक मूल्यमापनानंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची वाट खुली झाली. परंतु त्या आरोपीला हा कायदा लागू झाला नाही. गुन्ह्याच्या वेळी असलेल्या कायद्याहून अधिक शिक्षा देता येत नाही, असे संविधानाचा विसावा अनुच्छेद सांगतो. हे बंधन नसते, तर कोणतेही सरकार आजच्या रागाने कालच्या कृत्याची शिक्षा वाढवू शकले असते.

हाच रकाना पुण्याच्या एका खटल्यात नेमका उलट बाजूने बोलला. ऑगस्ट १९९४ मध्ये तेथे एका घरात सात जणांची हत्या झाली. प्रौढ समजून एका आरोपीला फाशीची शिक्षा झाली आणि सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. पुढे राजस्थानातील शाळेचा दाखला समोर आला. त्यातील नाव आरोपपत्रातील नावाहून वेगळे होते. चौकशीअंती दोन्ही नावे एकाचीच ठरली. गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची सुटका केली, तेव्हा तीन वर्षांच्या जागी अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ कारावासात गेला होता. वयाचा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरही, मांडता येतो. म्हणूनच हे शक्य झाले.

दोन्ही घटनांत मृतांच्या आप्तांचे दुःख तसेच राहिले. ते कोणत्याही नियमाने भरून येणारे नाही. तरीही नियम माणूस पाहून वाकत नाही, यातच त्याचे मोल आहे. मात्र त्याचा पाया खरा हवा. मागील पिढीत कितीएक मुलांचा जन्म कागदोपत्री १ जूनलाच झाला! आजही प्रवेशासाठी किंवा वयोगटाच्या स्पर्धेसाठी वर्ष मागेपुढे करण्याचा मोह होतो. पालक सांगतात, लिपिक लिहितो आणि अनेक वर्षांनी न्यायाधीश त्या ओळीवर विसंबतात. शाळेची नोंद ही एका परीने शपथेवरची साक्ष आहे. ती तितक्याच सचोटीने दिली जावी.