सुई जाड का घ्यावी लागते?

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात परिचारिका विभागाच्या वतीने केलेले भाषण)



आमच्या वाट्याला भाषणाचा प्रसंग क्वचितच येतो. आज तो आला आहे एका देणगीमुळे. लहान मुलांना टोचताना वेदना कमी व्हाव्यात, या सद्हेतूने एका हितचिंतकांनी यंदा २६ क्रमांकाच्या अतिशय बारीक सुयांची खोकी रुग्णालयास दिली. पुढे ते स्वतः इंजेक्शनच्या खोलीत आले, तेव्हा एका मुलाच्या कमरेत आम्ही २१ क्रमांकाची, हिरव्या बुडाची, चांगली जाड सुई टोचत होतो. ते काही बोलले नाहीत. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा प्रश्न आम्हांला वाचता आला. मुलांच्या आया तर तो उघडच विचारतात. त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

सुयांचे क्रमांक उलटे चालतात. आकडा जितका मोठा, तितकी सुई बारीक. (नवशिक्या विद्यार्थिनी पहिल्या आठवड्यात येथे हमखास फसतात.) २१ क्रमांकाच्या सुईचे आतील छिद्र साधारण अर्धा मिलिमीटर असते, २६ क्रमांकाचे त्याच्या जवळपास निम्मे. छिद्र निम्मे झाले की जोर दुप्पट लावावा लागेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो सुमारे सोळापट लावावा लागतो. शरीरातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्त कसे वाहते, हे समजून घेण्यासाठी प्वाझ्यी या फ्रेंच वैद्याने १८४० च्या सुमारास काचेच्या केसासारख्या बारीक नळ्यांतून द्रव पदार्थ वाहवून पाहिले आणि हा नियम शोधला. तेवढ्याच वेळात तेवढेच औषध जायचे असेल, तर छिद्र ज्या प्रमाणात लहान होते, त्याच्या चौथ्या घाताने दाब वाढवावा लागतो. सुईची लांबी दुप्पट झाली तर दाब फक्त दुप्पट होतो; औषध दुप्पट दाट असले तरीही दुप्पटच. छिद्राचा हिशेब मात्र असा चौपदरी आहे.

पाण्यासारख्या पातळ आणि थोड्या औषधाला याची बाधा होत नाही. इन्शुलिनची ३१ क्रमांकाची सुई डोळ्यांना जेमतेम दिसते, तरीही घरची माणसे ती सहज वापरतात. कारण औषध थेंबभर असते आणि सिरिंजही अरुंद असते. आमच्या खोलीतले ते जाड सुईचे इंजेक्शन वेगळे आहे. ते बेंझाथीन पेनिसिलीनचे.

घशाच्या एका विशिष्ट जंतुसंसर्गानंतर काही मुलांना सांधे सुजवणारा ताप येतो. सांधे बरे होतात; हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या खराब होऊ शकतात आणि तो ताप पुन्हा आला, की त्या अधिकच बिघडतात. तो पुन्हा येऊ नये म्हणून हे इंजेक्शन आमच्याकडे दर तीन आठवड्यांनी देतात. वर्षाला सतरा वेळा, आणि तेही अनेक वर्षे. हे औषध पाण्यात विरघळत नाही. त्याची पांढरी पूड पाण्यात कालवून जे तयार होते, ते खडूच्या पाण्यासारखे गढूळ असते आणि क्षणभर थांबले तरी तळाशी बसू लागते. रंगपंचमीला रंगाचा गाळ पिचकारीच्या तोंडाशी अडकतो ना, तसेच. बारीक सुईत येथे केवळ जोराचा प्रश्न उरत नाही, सुई तुंबते.

एक प्रसंग सांगणे आम्हांला जड जाते, पण सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकीने, एका रडणाऱ्या मुलाची दया येऊन, २३ क्रमांकाची निळी सुई घेतली. तिचे छिद्र २१ च्या दोन तृतीयांश. म्हणजे लागणारा दाब सुमारे पाचपट. निम्मे औषध गेले आणि दट्ट्या अडला. तिने अंगठ्याने अधिक रेटा दिला, तेव्हा सुई सिरिंजवरून निसटली आणि उरलेले औषध पलंगावर उडाले. पुन्हा औषध कालवले, पुन्हा टोचले, पुन्हा सुई तुंबली. तिसऱ्या वेळी हिरवी सुई घेतली. जी वेदना एकदा व्हायची, ती तीनदा झाली. पुढच्या तारखेला तो मुलगा आला नाही. त्यानंतरच्याही नाही. आला तो चार महिन्यांनी, ताप आणि सुजलेले गुडघे घेऊन. चूक त्याच्या आईची नव्हती. आमची होती, आणि ती मायेपोटी घडली होती.

तेव्हापासून या इंजेक्शनासाठी हिरवीच सुई, हा नियम आहे. औषध टोचण्याच्या अगदी आधी हलवायचे आणि मध्ये न थांबता, संथ, एकसारख्या गतीने सोडायचे. घाईने सोडले तर स्नायू ताणून दुखतो. थांबले तर गाळ बसतो. ही गती हाताला यायला महिने लागतात.

सिरिंजविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण येथे अनेकांचा अंदाज चुकतो. मोठी सिरिंज म्हणजे मोठी ताकद, असे वाटते. खरे उलट आहे. अंगठ्याचा जोर दट्ट्याच्या क्षेत्रफळावर वाटला जातो. म्हणून तेवढ्याच जोराने लहान सिरिंजमध्ये दाब अधिक निर्माण होतो. दोन मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये तो दहा मिलिलिटरच्या सिरिंजच्या जवळजवळ तिप्पट होतो. बदल्यात दट्ट्या अधिक लांब ढकलावा लागतो. फुकट काहीच मिळत नाही. दाट औषधासाठी, ते मावेल एवढीच सिरिंज आम्ही घेतो, त्याहून मोठी नाही.

हाच नियम दुसरीकडे धोक्याचा ठरतो. सलाईन बंद पडले, की नातेवाईक काळजीने म्हणतात, "सिस्टर, छोट्या सिरिंजने जोरात ढकलून मोकळे करा ना." आम्ही ते करीत नाही. लहान सिरिंजचा तो वाढीव दाब शिरेला इजा करू शकतो, नळी फाडू शकतो, अडकलेली गुठळी पुढे लोटू शकतो. अशा वेळी आम्ही नळी तपासतो आणि लागल्यास दुसऱ्या जागी नवीन लावतो. त्यात वेळ जातो. तो वेळ आम्हांला द्यावा, एवढी विनंती आहे.

राहिला प्रश्न त्या बारीक सुयांचा. त्या कपाटात पडून नाहीत. पेनिसिलीन देण्यापूर्वी, ते मुलाला सोसते की नाही हे पाहण्यासाठी, हाताच्या त्वचेत थेंबभर औषधाची चाचणी घेतात. त्यासाठी २६ क्रमांकाचीच तपकिरी बुडाची सुई लागते. सकाळी मुले ओळीने बाकावर बसतात. आधी देणगीतील सुईने चाचणी होते, मग काही काळ वाट पाहणे, आणि मग हिरवी सुई. वर सांगितलेला तो मुलगाही आता त्याच बाकावर असतो. आपले तारखांचे कार्ड तो स्वतःच्या दप्तरात ठेवतो, आणि नवीन परिचारिका दिसली, की औषध नीट हलवले का, असे तिला विचारतो.