जुन्या मोटारीची कुरकुर

पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले. हौसेने जपलेल्या अँबॅसडर आजही धावतात, आणि खड्ड्यांतून जाताना बोलतातही. ते बोलणे न समजता सुटे भाग बदलीत सुटणे म्हणजे नाडी न पाहताच औषध देणे होय.

प्रथम आवाजाची जात ओळखावी. कुरकुर ही बहुधा मागच्या चाकांवरील कमानपाट्यांची, अथवा सुकलेल्या रबरी बुशांची असते. लहानशा खड्ड्यावर उठणारी खटखट ही सैल सांध्याची खूण. मोटारीचा एक कोपरा जोराने दाबून सोडावा; तो लगेच स्थिरावला तर ठीक, झुलतच राहिला तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकला असे समजावे.

कुरकुर थांबावी म्हणून बुशांवर इंजिनचे तेल सोडण्याची रीत आढळते. आवाज लोपतो खरा, पण त्या तेलाने रबर फुगते व लवकर निकामी होते. नवा बुश बसविताना मोटारीचा भार चाकांवर आल्यावरच बोल्ट पूर्ण आवळावा. एरवी रबराला कायमचा पीळ पडून ते फाटते.

खटखट पुढून येत असेल, तर विलंब करू नये. चाक उचलून, वरखाली हलवून पाहावे. ढिलाई जाणवल्यास मोटार जागीच उभी ठेवावी. चाकाला धरणारा सांधा निखळला तर मोटार ताब्यात राहत नाही. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर तिच्याखाली कोणीही शिरू नये. भक्कम आधार आधी द्यावा.