हरवलेल्या नांवाचा शोध

मुंबईंतील कित्येक जुनीं कुटुंबें गेल्या कांहीं दशकांत खाडी ओलांडून तुर्भे, वाशी या बाजूस रहावयास गेलीं. बिऱ्हाड हलवितांना माळ्यावरची एखादी जुनी ट्रंक खालीं येते. तिच्यांत पणजोबांच्या काळचे कागद असतात, आणि कधीं कधीं लष्करी पोषाखांतील एखाद्या तरुणाचें पुसट छायाचित्रही असतें. "हे कोण?" असें मुलांनीं विचारलें म्हणजे घरांतील वडील माणसें एवढेंच सांगतात, "हे लढाईंत गेले." कोठें गेले, कसे गेले, कोणत्या दिवशीं गेले, हें कोणासच ठाऊक नसतें. अशा प्रश्नाचें उत्तर मिळूं शकतें काय, आणि त्यासाठीं काय करावें लागतें, हें मुंबईच्याच एका तरुण वैमानिकाच्या हकीकतीवरून चांगलें समजतें.

या तरुणाचें नांव श्रीकृष्ण वेलिणकर. पहिलें महायुद्ध चालू होतें, त्या काळीं तो विद्याभ्यासासाठीं इंग्लंडांत केंब्रिज येथें होता. हिंदी माणसास लढाऊ अधिकाऱ्याची राजसनद देण्यास त्या वेळचें सरकार नाखूष असे. शिपाई म्हणून लाखों हिंदी लोक रणांगणावर गेले, पण हुकूम देणारा अधिकारी गोराच असावयाचा. विमानदळांत मात्र वैमानिक इतक्या झपाट्यानें कामास येऊं लागले, कीं १९१७ सालीं हें दार किंचित् किलकिलें झालें. त्यांतून आंत शिरलेल्या हिंदी तरुणांत चार नांवें प्रसिद्ध आहेत: पंजाबचे हरदित सिंग मलिक, बंगालचे इंद्रलाल रॉय व एरल सेन, आणि मुंबईचा वेलिणकर. यांपैकीं सेन शत्रूच्या कैदेंत पडले. रॉय हे २२ जुलै १९१८ रोजीं आकाशांतील झुंजींत मारले गेले. मलिक जखमी होऊनही वांचले आणि पुढें स्वतंत्र भारताचे फ्रान्समधील राजदूत झाले.

वेलिणकर तेविसाव्या स्क्वाड्रनमध्यें होता. फ्रान्समधील आमियाँ शहराच्या उत्तरेस बर्तांगल नांवाचें खेडें आहे, तेथें या स्क्वाड्रनचा तळ होता. 'सॉपविथ डॉल्फिन' जातीचें एकआसनी विमान तो चालवीत असे. या विमानाची रचना अशी विलक्षण, कीं वैमानिकाचें डोकें वरच्या पंखाच्या चौकटींतून बाहेर निघे. त्यामुळें चहूंकडे नजर उत्तम पोंचे. पण विमान उलटून पडलें तर पहिला आघात त्या डोक्यावरच बसावयाचा. शिवाय ब्रिटिश वैमानिकांना त्या युद्धांत हवाई छत्री दिलेली नसे. २७ जून १९१८ रोजीं वेलिणकर गस्तीवर गेला आणि परत आला नाहीं. दप्तरांत त्याच्या नांवापुढें एकच शब्द पडला: बेपत्ता.

'मृत' या शब्दापेक्षां 'बेपत्ता' हा शब्द घरच्या माणसांना अधिक छळतो. मेलेल्या माणसासाठीं रडतां येतें. बेपत्ता माणसाची वाट पहावी लागते. आपल्याकडे तर मृत्यूची तिथि ही केवळ आठवणीची खूण नव्हे. श्राद्ध त्याच तिथीस करावयाचें. तिथि ठाऊक नसेल तर अमावास्या, शस्त्रानें मेलेल्यासाठीं भाद्रपद वद्य चतुर्दशी, आणि परागंदा झालेल्याची बारा वर्षें वाट पाहून मग पुढील विधि, अशी सोय शास्त्रकारांनीं करून ठेवली आहे. याचा अर्थ इतकाच, कीं हें दुःख फार जुनें आहे आणि त्याची जाण आपल्या पूर्वजांना पुरेपूर होती.

युद्ध संपलें, कैदी घरोघर परतले. वेलिणकर परतला नाहीं. तेव्हां कर्नल बार्टन नांवाच्या एका इंग्रज अधिकाऱ्यानें त्याचा शोध मनावर घेतला. अखेर १९२१ सालीं, म्हणजे जवळजवळ तीन वर्षांनीं, या शोधास यश आलें. जर्मनांनीं पुरलेल्या मृतांच्या नोंदींत एक नांव निघालें: 'ओबरलॉयटनंट एस्. सी. वुमकर'. हा मनुष्य २७ जून १९१८ रोजीं जखमी अवस्थेंत जर्मनांच्या हातीं पडला होता आणि तीन दिवसांनीं, ३० जून रोजीं, त्यांच्याच कैदेंत मरण पावला होता. 'वुमकर' नांवाचा ब्रिटिश वैमानिक कोणी नव्हताच. तो वेलिणकर होता.

ही चूक कशी झाली असावी, हें जुने कागद वाचणारास सहज उमगेल. वेलिणकर हें नांव इंग्रजींत धांवत्या हातानें लिहून पहावें. मधलीं 'एल्', 'आय', 'एन्' हीं अक्षरें म्हणजे उभ्या रेघांची एक ओळच होते, आणि तीच ओळ परक्या माणसास 'यू' व 'एम्' अशी दिसते. मोडी लिपींतील दप्तर ज्यांनीं चाळलें आहे, त्यांना या फसवणुकीचें नवल वाटणार नाहीं. त्यांत हुद्द्याचीही भर पडली. लेफ्टनंट या हुद्द्यास जर्मन लेखकानें आपल्याकडील शब्द योजला, आणि मुंबईचा तरुण कागदावर जर्मन अधिकारी होऊन बसला. एवढ्या मोडतोडींतून एक गोष्ट मात्र शाबूत राहिली, ती म्हणजे शेवटचा 'कर'. ज्या 'कर'नें आपण आपल्या मूळ गांवाशीं बांधलेले असतों, तो फ्रान्समधील शत्रूच्या कागदावरही टिकून राहिला. मराठी माणसाच्या नजरेस ते कागद पडते, तर त्या दोन अक्षरांनींच त्याला थांबविलें असतें.

याच बर्तांगल गांवाची दुसरी एक गोष्ट येथें आठवते. जर्मनांचा सर्वांत नामांकित वैमानिक मॅनफ्रेड फॉन रिश्टोफेन हा २१ एप्रिल १९१८ रोजीं मारला गेला, तेव्हां त्याच्या शत्रूंनीं त्याला याच गांवीं पूर्ण लष्करी इतमामानें मूठमाती दिली. त्याचें नांव चुकीचें लिहिण्याचा प्रश्नच नव्हता; तें साऱ्या जगाच्या तोंडीं होतें. त्यानंतर दोन महिन्यांनीं त्याच तळावरून निघालेला वेलिणकर शत्रूच्या मुलुखांत पुरला गेला आणि त्याचें नांव तीन वर्षें हरवून राहिलें. मरण दोघांनाही सारखेंच आलें. फरक पडला तो नांवाच्या ओळखीचा.

ओळख पटल्यावर वेलिणकर याची समाधि आमियाँच्या आग्नेयेस हांगार येथील युद्धस्मशानांत त्याच्या खऱ्या नांवानिशीं उभी राहिली. साम्राज्याच्या अत्यंत शूर पुत्रांपैकीं एकाच्या आदरणीय स्मृतीस, अशा आशयाचे शब्द तिच्या दगडावर कोरलेले आहेत. ही ओळख पटली नसती, तर ज्यांची समाधि सांपडली नाहीं अशा वैमानिकांसाठीं आरास येथें १९३२ सालीं जें स्मारक झालें, त्यावर त्याचें केवळ नांव राहिलें असतें.

नांव राहणें हीही कांहीं लहानशी गोष्ट नव्हे. १९१७ सालीं स्थापन झालेल्या युद्धसमाधि आयोगाचें तत्त्व असें, कीं हुद्दा, वंश वा धर्म न पाहतां प्रत्येक मृताची स्मृति सारखीच जपावी. परंतु त्याच आयोगानें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत कबुली दिली, कीं पहिल्या महायुद्धांतील निदान १,१६,००० मृतांची नांवानिशीं नोंद झाली नाहीं, किंवा त्यांचें स्मारकच झालें नाहीं. यांत मुख्यतः आफ्रिका व मध्यपूर्वेकडील लोक होते. हिंदी सैनिकांवरही असाच अन्याय ठिकठिकाणीं झाला. वेलिणकराला शोधणारा मनुष्य भेटला. या लोकांना तो भेटला नाहीं.

आज ज्या घरास असा शोध घ्यावयाचा आहे, त्याला कर्नल बार्टन यांच्याहून पुष्कळ साधनें अनुकूल आहेत. युद्धसमाधि आयोगाच्या नोंदी तुर्भे येथील घरांत बसूनही संगणकावर पाहतां येतात. पहिल्या महायुद्धांतील कैद्यांचीं जीं टिपणपत्रें जिनीव्हाच्या रेडक्रॉसनें जपलीं, तींही तशींच खुलीं झालीं आहेत. विमानदळाच्या अधिकाऱ्यांचे जुने सेवापट लंडननजीक क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहेत. दुसऱ्या महायुद्धांतील कोणी असेल, तर प्रथम पुण्याजवळील खडकीचें युद्धस्मशान पहावें. आणि ब्रह्मदेशाकडे वा मलायाकडे गेलेला वैमानिक परतला नसेल व त्याची समाधिही ठाऊक नसेल, तर सिंगापूरच्या स्मारकावरील नांवें पहावीं.

मात्र साधनें सुधारलीं तरी नियम तोच आहे. नांव नेमकें तसेंच सांपडेल अशी अपेक्षा धरूं नये. तारीख, दळ व ठिकाण हीं आधीं पक्कीं करावीं, आणि मग त्या तारखेच्या आसपासचीं सर्व नांवें उच्चार करून वाचावीं. नाशिक-त्र्यंबकेश्वरीं तीर्थोपाध्याय यजमानाचें आडनांव आणि मूळ गांव विचारून वही उघडतो, पानें उलटतो, आणि तीन पिढ्यांपूर्वींचा हस्ताक्षराचा पुरावा पुढें ठेवतो. तोच धीर येथें लागतो. आणि घरांतील जो कागद सर्वांत निरुपयोगी वाटेल, पत्राचा फाटका लिफाफा किंवा छायाचित्रामागील दोन ओळी, तोच जपून ठेवावा. बहुधा तारीख त्यावरच असते.

वेलिणकर गेला ते दिवस ज्येष्ठ वद्य पक्षाचे होते. मुंबईस तेव्हां पावसाळा लागलेला. त्याच्या घरीं त्या आठवड्यांत कोणास कांहींच ठाऊक नव्हतें, आणि पुढें तीन वर्षें निश्चित असें कांहीं कळलें नाहीं. शोधानें तो परत आला नाहीं. कोणत्याच शोधानें तसें होत नसतें. पण त्याला दिवस मिळाला, जागा मिळाली, आणि त्याचें स्वतःचें नांव मिळालें. माळ्यावरच्या ट्रंकेंतील त्या अनोळखी तरुणासही एवढें देणें त्याच्या घरच्यांच्या हातीं आहे.